चौदा नंबर पुन्हा होत नाही

१३ जानेवारी २०२५, सोमवार

दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले. धनंजय सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावायला सांगितलं तेव्हाच वाटलं, संपलं. सहा वर्षांत त्यांनी दोनदाच दार लावायला सांगितलंय आणि दोन्ही वेळा मी रडत बाहेर आलेय. पण आज सर हसत होते. एका परीक्षकानं नुसती स्तुती केलीय, इतकी की त्यानं प्रबंध उघडला तरी होता का अशी शंका यावी. दुसऱ्या मॅडम, ज्या व्हायवाला येणार आहेत, त्यांनी 'प्रबंध मान्य' लिहून खाली एक ओळ टाकली आहे: नमुना क्रमांक चौदा नव्याने तयार करून त्याचे निष्कर्ष मौखिक परीक्षेत सादर करावेत.

"डाव्या हातचा मळ आहे तुझ्या," सर म्हणाले.

आहेच. चौदा नंबरवर तर सगळा प्रबंध उभा आहे. डिझेलच्या धुरात जी काजळी असते ती जाळायला सहाशे डिग्रीची आच लागते, ट्रकच्या सायलेन्सरमध्ये तेवढी आच कुठून आणणार? माझी पावडर मध्ये घातली की अर्धी काजळी तीनशे अडुसष्टलाच जळते. प्लॅटिनम नाही, सोनं नाही, तांबं आणि सिरियम. आणि ते का होतं, तर मी ती भट्टीत फार हळू, दोन दिवस लावून तापवते म्हणून. 'मंद तापवण'. चौथं प्रकरण, एकाहत्तर पानं. ती कल्पना माझी एकटीची आहे. सरसुद्धा तसं चारचौघांत सांगतात.

घरी, जामला आल्यावर आईला सांगितलं. तिनं देवापुढे साखर ठेवली. बाबा गॅरेजमधून हात पुसत आले नि म्हणाले, "म्हंजे पोरगी धुरात पास झाली." बाबांचं चौफुलीजवळ सायलेन्सरचं गॅरेज आहे, माझी सगळी काजळी तिथलीच. सहा वर्षं मी बापाच्या दुकानातली घाण पिशवीत भरून कॉलेजात नेली आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलं. हसू येतं कधीकधी.

१७ जानेवारी

चौदा नंबर भट्टीत टाकला. मुहूर्तच आहे म्हणून नव्या वाट्या काढल्या. भट्टीत पावडर ठेवायच्या चिनी मातीच्या वाट्या, खोक्यात तशाच पडून होत्या, पांढऱ्याशुभ्र. जुन्या मळकट झाल्या होत्या, लॅबमधली भांडी घासणारे पुनाजी काका रिटायर झाल्यावर निकेशनं त्या फेकूनच दिल्या. निकेश माझा ज्युनिअर. पोरगा चांगला आहे, पण स्वच्छतेचं वेड आहे त्याला, टेबलावर बोट लावलं तरी बघतो.

२० जानेवारी

पावडर वाटीला चिकटून बसली. चमच्यानं खरवडून काढावी लागली, एक वाटी तडकली. आधी अशी कधीच चिकटत नव्हती, वाटी उलटी केली की भुरभुर खाली यायची. कंपन्या आजकाल काय माल देतात!

२२ जानेवारी

४५१.

तीनशे अडुसष्ट हवं होतं. चारशे एक्कावन्न आलं. काहीतरी गडबड आहे, गॅसचा पाइप ढिला असेल.

२९ जानेवारी

पाइप ढिला नव्हता. पुन्हा केला. ४५५.

सरांना सांगितलं नाही अजून.

१ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्यांदा ४४९. आता माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. दुपारभर जुन्या वह्या काढून बसले. वाटलं, मीच तर तेव्हा आकडे चुकीचे लिहिले नाहीत? की लिहिताना मनात जे होतं ते लिहिलं? माणूस सहा वर्षं एका आकड्याची वाट बघत बसला की त्याला तो आकडा दिसायला लागत असेल का? लाज वाटली अशी शंका घेताना. पण घेतली.

मग कपाटातून मूळची चौदा नंबरची बाटली काढली. दोन हजार बावीसची. तळाशी तीन-चार चमचे पावडर आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या बाटलीतली पावडर तपासली. ३६९.

म्हणजे पावडर खरी आहे, मीच खोटी आहे. तीच कृती, तीच भट्टी, तेच तांबं, तेच हात. मग पुन्हा होत का नाही? डोकं बधिर झालंय. आईनं जेवायला वाढलं आणि मी वरणाकडे बघत बसले, तर ती म्हणते, "काऊन वं, मीठ जास्त झालं का?"

५ फेब्रुवारी

आज सांगितलं सरांना. रागावतील वाटलं होतं. रागावले नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे. तिथूनच म्हणाले, "जुन्या बाटलीचं माप कधी घेतलंस?"

"परवा."

"मग झालं की. ताजे आकडे, ताजी तारीख. मॅडमना दाखव."

"सर, त्यांनी नव्याने तयार करून म्हटलंय."

"अगं, टेन्शन कशाला घेतेस? परीक्षक लिहितात काहीतरी." मग एकदम, "जूनमध्ये मी रिटायर होतोय, मंजुषा. तू शेवटची."

मला वाटतं सर दमलेत. त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी मध्येच सोडलं, एक बँकेत लागला आणि एकीचं लग्न झालं. मीच एक त्यांना धरून राहिले, की ते मला, कळत नाही. व्हायवाची तारीख लागली आहे: ७ मार्च, शुक्रवार, सकाळी अकरा.

११ फेब्रुवारी

चौथ्यांदा केलं. लिहायची इच्छा नाही.

१३ फेब्रुवारी

भट्टीच्या आत, मागच्या बाजूला एक खडूनं मारलेली रेघ आहे. ती पुनाजी काकांनी मारली होती, वाट्या इथवरच ठेवायच्या म्हणून. आज ती बघून डोक्यात आलं की भट्टी खरी कळायची ती काकांना. बत्तीस वर्षं त्यांनी ती झाडली-पुसली, दार नीट लागत नसलं की पावलानं कसं दाबायचं ते त्यांनाच ठाऊक. ते रिटायर झाले दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये आणि त्यानंतर मी एकही नवी पावडर बनवली नाही, नुसतं लिहीत बसले. भट्टीची काहीतरी खोड असणार जी त्यांनी मला सांगितली नाही. निकेशला म्हटलं तर तो म्हणतो, फोन करा ना. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. जाऊनच येते.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांच्या गावी, रोहण्याला जाऊन आले. जामहून वर्धा, वर्ध्याहून पुलगाव, तिथून आर्वीची गाडी. सगळा दिवस गेला आणि जे कळलं त्यानं मी आता लिहितानाही थंड पडलेय. नीट लिहिते.

काका अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या मोडून ढीग लावत होते. मला पाहून इतके खूश झाले की काडी हातातच राहिली. रामबाई, त्यांच्या बायको, चुलीपाशी होत्या. दोघं आपसात गोंडीत बोलले, मग काका मला म्हणाले, "बसा ताई, थे म्हणते पोरगी वाळली."

मी भट्टीचं विचारलं. दार, बटणं, रेघ, सगळं. काका विचार करून सांगत होते, त्यात नवं काहीच नव्हतं. एवढ्यात रामबाईंनी भाताचं भांडं उचललं, ओली राख हातात घेऊन त्याच्या बुडाला फिरवली आणि चुलीवर ठेवलं. हे तर माझी आजीही करायची, काजळी पटकन निघते म्हणून. मी सहज म्हटलं, "काकू, आमच्या भट्टीच्या वाट्यांना पण असं काही लावायला पाहिजे, पावडर फार चिकटते हल्ली."

काका म्हणाले, "काऊन? आता नाई लावत का कोणी?"

मी म्हटलं, काय?

"राख. मी तर लावतच होतो ना. घासून झाल्या का आतून-बाहेरून हात फिरवायचा, वाळू द्यायच्या, मंग कपड्यानं पुसायच्या. तुमी लोकं चमच्यानं खरवडा न वाट्या फुटत, साहेब मले बोलत. राख लावली तवापासून एक नाई फुटली."

"कुठली राख, काका?"

"घरचीच. पऱ्हाटीची."

 पऱ्हाटीच्या राखेत पोटॅशियम असतं. भरपूर असतं. आणि पोटॅशियमनं काजळी कमी आचेवर जळते हे तर पुस्तकात आहे, मी स्वतः दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, दुसऱ्यांचं काम म्हणून. कपड्यानं पुसली तरी वाटीच्या अंगाला ती राहत असणार, दोन दिवस भट्टीत तापली की पावडरीत उतरत असणार. मंद तापवण वगैरे काही नाही. मी दोन दिवस लावले म्हणून राखेला उतरायला वेळ मिळाला, एवढाच माझा पराक्रम. एकाहत्तर पानं!

मी उठलेच. म्हटलं, "काका, मला थोडी राख द्या." काकांनी चुलीतली गार राख पिशवीत भरून दिली. पिशवीला गाठ मारता मारता त्यांनी विचारलं, "काई चुकलं का ताई?"

"नाही नाही, काही नाही," म्हटलं. मला गाडी पकडायची होती, डोक्यात नुसता गोंगाट होता.

"साहेबाले सांगान का हे?"

"बघू." मग काका गप्पच झाले. चहासुद्धा थंड होऊ दिला त्यांनी. दमले असतील, वय झालं. परीक्षा कधी आहे तेवढं विचारलं, मी सांगितलं सात तारखेला अकरा वाजता, आणि निघाले. रस्त्यापर्यंत सोडायला आले.

२१ फेब्रुवारी

वाटीला राख लावली, काकांनी सांगितली तशीच. वाळवली, पुसली, पावडर टाकली, दोन दिवस तापवली. वाटी उलटी केली तर भुरभुर खाली आली. तिथंच मला उत्तर कळलं होतं.

३७२.

आनंद व्हायला हवा. चौदा नंबर पुन्हा झाला, नव्यानं तयार करून झाला! मी स्टुलावर बसून हसले आणि मग निकेशसमोर रडले. तो बिचारा टिश्यू आणायला धावला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. राख, काका, ३७२. सर ऐकत राहिले. त्यांना धक्का बसेल वाटलं होतं, पण ते फक्त म्हणाले, "वाट्या फुटायच्या थांबल्या तेव्हा मी त्याला विचारलं होतं, काय केलंस. म्हणाला, घरचा उपाय आहे साहेब. मी पुढे विचारलं नाही." आणि चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

मग म्हणाले, राखेचं नाव व्हायवात काढायचं नाही. चौथं प्रकरण चुकीचं आहे असं तू स्वतःच म्हणालीस की पदवी अडकली, मग वर्ष जाईल का दोन, कोण सांगू शकतं. सात तारखेला जुन्या बाटलीचे आकडे दाखव, पदवी घे, मग आपण दोघं राखेवर स्वतंत्र पेपर लिहू, त्यात पुनाजीचे आभार मानू. खोटं कुठं आहे यात? तीनशे एकोणसत्तर खोटं आहे का?

नाहीये. तेच तर. खोटा एकही आकडा नाही आणि तरी मला काहीतरी खोटं दिसतंय. सर चूक आहेत का? सर कधी चूक नसतात. मग मी का भांडतेय मनात? इथल्याच कॉलेजात जुलैत जागा निघणार आहे, पदवी हातात असली तरच अर्ज करता येईल. पुढच्या वर्षी माझं वय बत्तीस. आईनं गल्लीत सांगून टाकलंय.

२ मार्च, रविवार

दिवसभर बाबांच्या गॅरेजात बसून होते. दोन्ही भाषणं तयार केलीत, एक राखेचं, एक बिनराखेचं. कोणतं बोलायचं ते ठरत नाही. शेवटी बाबांनाच विचारलं, पण आडून.

"बाबा, सायलेन्सर बदलायचा सांगून गेला कोणी, आणि तुम्ही जुन्यालाच जोड मारून दिली, आवाज बंद झाला, गिऱ्हाईक खूश. तर सांगता का त्याला?"

बाबांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "इचारलं त सांगतो. न इचारणाऱ्याले काऊन सांगू? त्याले आवाज बंद पाह्यजे होता, झाला." मग मला न्याहाळत, "काऊन? कोणाचा सायलेन्सर हाय?"

"कोणाचा नाही."

"मंग खाऊन घे काई. सकाळपासून त्वांड उतरलं तुहं."

तर हे बरं आहे. विचारलं तर सांगायचं. मॅडमनी थेट विचारलं, नव्यानं तयार केलंत का, तर सगळं सांगेन. नाही विचारलं तर माझ्यावर बंधन नाही. मला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून पुन्हा संशय आला.

५ मार्च

सरांनी निकेशला प्रश्न पाठ करायला दिलाय. सगळ्या व्हायवांत असतं हे. शेवटी अध्यक्ष म्हणतात, श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न? तेव्हा कुणीच उठलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून ज्युनिअर उठतो, ठरलेला प्रश्न विचारतो, आपण ठरलेलं उत्तर देतो, टाळ्या. मीही दोन वर्षांपूर्वी असा प्रश्न विचारला होता. कशावर होता तेही आठवत नाही.

६ मार्च

उद्या. बिनराखेचं.

८ मार्च, शनिवार

काल काहीच लिहू शकले नाही. आज सकाळपासून तीनदा वही उघडली.

हॉलमध्ये चाळीसेक लोक होते, त्यातल्या अर्ध्या एम.एस्सी.च्या मुली, हजेरी लागणार म्हणून बसलेल्या. आई पैठणी नेसून पुढच्या रांगेत, बाबा इस्त्रीच्या शर्टात, नखांतला काळा रंग काही निघाला नव्हता. आणि मी माइक हातात घेतला तेव्हा मागच्या दारातून पुनाजी काका आत आले, पांढरा सदरा, टोपी, मागे रामबाई. पहाटे निघाले असणार. मला भरून आलं. वाटलं, बघा, पोरीचं कौतुक बघायला किती लांबून आले. खरंच मला एवढंच वाटलं. मी हात केला, त्यांनी केला नाही.

चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. चौदा नंबरची स्लाइड आली: ३६९, दिनांक ३ फेब्रुवारी २०२५. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हे पुन्हा घेतलेले आकडे आहेत ना?"

"हो मॅडम."

त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. नव्यानं तयार केलं का, असं त्यांनी विचारलं नाही. पुन्हा घेतलेले आकडे आहेत का, हे विचारलं. ते होते. मी मनाशी म्हटलं, झालं. सरांकडे पाहिलं, सर टेबलाकडे पाहत होते. मग मॅडमनी अर्धा तास दुसरेच प्रश्न विचारले, मंद तापवणीबद्दल दोन, मी चौथं प्रकरण घडाघडा म्हणून दाखवलं. मीच माझ्या तोंडून ऐकत होते आणि मला ते पटतही होतं. हेच सगळ्यात वाईट.

अध्यक्ष म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" निकेश अर्धा उठला. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, मले एक इचारायचं हाय."

काका उभे होते. दोन मुली हसल्या. सर म्हणाले, "पुनाजी, बस ना जरा, नंतर बोलू." पण अध्यक्ष म्हणाले, खुली मौखिकी आहे, विचारू द्या. निकेश बसला.

काकांनी टोपी काढून हातात धरली. "मी इथं बत्तीस वर्सं भांडी घासली. ताई आमच्या घरी आल्ती. म्या सांगतलं का वाट्याइले राख लावत होतो. ताईचा चेहराच उतरला. राख घेऊन गेली न काई बोलली नाई. तवापासून मले अन्न गोड लागत नाई. मले इतकंच सांगा, माह्या हातानं हिच्या कामात खोट आली का? आली असन त थे माही चूक हाय. हिले नापास करू नोका. माहं नाव लिवा."

 मॅडम काकांकडे, मग माझ्याकडे, मग त्या खुणेच्या कागदाकडे बघायला लागल्या. "कसली राख?"

वीस दिवस. वीस दिवस हा माणूस असा बसून होता आणि मी पिशवी घेऊन गाडी पकडली होती! 'काही नाही' म्हणून. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मी म्हटलं, "नाही काका. तुमची चूक नाही. तुमच्या राखेमुळेच चौदा नंबर चालला. माझ्यामुळे नाही." मग मॅडमकडे वळून सगळं सांगितलं. जुनी बाटली. चार वेळा फसलेलं. राख लावून आलेलं तीनशे बहात्तर. चौथं प्रकरण चुकलंय, हेही.  फक्त सरांनी काय सुचवलं ते सांगितलं नाही. ते कुणी विचारलं नाही.

मॅडमनी काकांना पुढे बोलावलं. खुर्ची दिली. कुठल्या लाकडाची राख, किती लावायचे, ओली की कोरडी. काका आधी भीत भीत, मग रंगात येऊन सांगायला लागले. "तुरीची नाई चालत बाई. तुरीची हाताले चावत नाई. पऱ्हाटीची चावते, थेच पाह्यजे." मॅडमनी 'चावते' हा शब्द लिहून घेतला, मला दिसलं.

मग आम्हाला बाहेर काढून दार बंद. पाऊण तास. आत बोलावलं तेव्हा अध्यक्षांनी वाचलं: पदवीची शिफारस आता नाही. चौथं प्रकरण नव्याने लिहावं, सहा महिन्यांनी पुन्हा मौखिकी. म्हणजे जुलैची जागा गेली. मॅडम फाइल आवरताना म्हणाल्या, "राखेचं काम चांगलं आहे, ते मोजून करा. पण आधी 'हो' म्हणालात, तेही माझ्या लक्षात राहील." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आई-बाबा दारापाशीच होते, त्यांना कळलं होतं. आईचा पदर तोंडावर. मी काही बोलणार तोच व्हरांड्यातून काका आणि रामबाई लगबगीनं आले. काकांच्या हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा, वर्ध्याला उतरून घेतलेला. चेहरा असा मोकळा झालेला की रोहण्याला पाहिलेला माणूस हा नव्हेच.

"घ्या ताई, त्वांड गोड करा. झाली ना आता डॉक्टर?"

 आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी तिचा हात धरला. तासाभरापूर्वी मी चाळीस लोकांसमोर खरं बोलले होते आणि मला वाटलं होतं, आता पुन्हा कधी खोटं बोलायची वेळ येणार नाही.

"झाले ना काका," म्हटलं.

"माह्यामुळं काई अडलं त नाई?"

मी पुडा फोडून एक तुकडा तोंडात टाकला.  मागून सर बाहेर आले, बगलेत माझा प्रबंध. दोन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागलेत. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झाली, पुनाजी. तुमच्यामुळंच झाली."

रामबाईंनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून गोंडीत काहीतरी म्हटलं. काका हसले, सांगितलं नाही काय ते. मग दीडची गाडी चुकेल म्हणून दोघं घाईनं निघून गेले.

सर जिन्यापर्यंत गेले, थांबले, न वळताच म्हणाले, "सोमवारी ये. वाट्या मागवायला लागतील." एवढंच. रागावलेत की काय, मला कळलं नाही. मला कालपासून काहीच धड कळत नाहीये.

निकेशला फोन करून बजावलंय, आईबाबांनाही. कॉलेजातल्या शिपायांना सोमवारी गाठून सांगेन. सप्टेंबरपर्यंत हे रोहण्याला कळता कामा नये.